पदर सुटायला हवेत

दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून फराळाचं ताट आलं. वर क्रोशाचा रुमाल, खाली चिवडा, दोन चकल्या, बेसनाचा लाडू आणि कडेला चार करंज्या. "काकू, करंज्या ओव्हनमधल्या आहेत हं, तळलेल्या नाहीत," ताट हातात देताना तिनं आवर्जून सांगितलं. दिसायला देखण्या होत्या. कातण्यानं कापलेली कड सारखी, पोट नीट भरलेलं, रंग बदामी. एक उचलून मोडली, तर 'टक्' असा एकच आवाज झाला. साट्याची, म्हणजे पदरांमध्ये फेसलेलं तूप लावलेली, करंजी मोडताना असा एक आवाज कधी येत नाही. तिचे पापुद्रे एकामागून एक तुटत जातात, बोटांखाली चुरचुर होते, थोडे ताटलीत सांडतात, थोडे ओठाला चिकटतात. या करंजीची मोडलेली कड एकजीव होती, नानकटाईसारखी. चव वाईट नव्हती. सारण तर छानच होतं, काजू-बदामांचं, वेलची मोजकी. ताट परत देताना मी विचारलं, साटा किती घातला होतास? "साटा नाहीच घातला काकू," ती म्हणाली, "तूप नको म्हणून तर ओव्हन."

तो 'टक्' मनातून गेला नाही.

करंजी ओव्हनमध्ये करू नये असं माझं म्हणणं नाही. उलट ती फार सुंदर होते. पण ओव्हनकडे आपण बहुतेक वेळा एकाच कारणानं वळतो, तळण टाळायचं म्हणून, आणि त्याच ओघात पिठातलं तूपही काढून टाकतो. करंजीचं नुकसान तिथे होतं. कढईतलं तूप हे तिला शिजवायचं साधन आहे. साधन बदलता येतं. पदरांमधलं तूप मात्र तिच्या अंगाचा भाग आहे, ते काढलं की उरतं सारण भरलेलं बिस्किट. शिवाय हिशोब मांडून पाहावा. २२ करंज्यांना मोहनासाठी २५ ग्रॅम आणि साट्यासाठी ६० ग्रॅम तूप लागतं. म्हणजे एका करंजीच्या वाट्याला चार ग्रॅमही पूर्ण येत नाही, चहाचा एक चमचासुद्धा भरत नाही. तेवढ्यासाठी पदरांवर पाणी सोडायचं?

साटा म्हणजे फेसलेलं तूप आणि तांदळाची पिठी, एवढंच. पण त्याचं काम काय चालतं हे कळलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप सुचते. पातळ लाटलेल्या पोळीवर साटा पसरला, वर दुसरी पोळी ठेवली, पुन्हा साटा, पुन्हा पोळी, आणि ती चळत घट्ट गुंडाळली, की कणकेचे थर एकमेकांपासून तुपानं वेगळे राहतात. तूप त्यांना चिकटू देत नाही, आणि तूप वितळून गेल्यावरही पिठीचा कोरडा पातळ थर मध्ये उरतो, तोही चिकटू देत नाही. तळताना करंजी चहूबाजूंनी गरम तुपात असते. उष्णता झपाट्यानं आत पोचते, कणकेतल्या पाण्याची वाफ होते, वाफ पदरांना उचलते, साट्यातलं तूप कढईतल्या तुपाला जाऊन मिळतं आणि पदर मोकळे होतात. तळणाऱ्या बायका झाऱ्यानं कढईतलं गरम तूप करंजीवर हलक्या हातानं उडवत राहतात ना, ते याचसाठी. वरची बाजू तुपाच्या बाहेर असते, तिला उष्णता कमी पडते. झाऱ्याची धार पडली की तिथले पदर डोळ्यांदेखत सुटतात.

ओव्हनमध्ये झारा नाही. तिथे फक्त गरम हवा, आणि हवा उष्णता फार सावकाश देते. इथे सगळा घोटाळा वेळेचा आहे. तूप साधारण ३५ अंशांच्या आसपास वितळून जातं, आणि कणकेतला स्टार्च फुगून थर आकार धरू लागतात ते ६० ते ७० अंशांच्या पुढे. या दोन टप्प्यांच्या मध्ये करंजी जितका वेळ रेंगाळेल तितकं तूप पदरांतून निसटून एक तर ट्रेमध्ये गळतं, नाही तर कणकेत मुरतं. कणकेत मुरलेलं तूप म्हणजे जास्तीचं मोहन. पदर जातात आणि खुसखुशीत बिस्किट हाती येतं. म्हणून १६० अंशांवर सावकाश भाजलेली करंजी साटा असूनही फसते. ओव्हनच्या करंजीची सगळी युक्ती हे मधलं अंतर कमीत कमी वेळात पार करण्यात आहे. आत जाताना करंजी थंडगार हवी आणि ओव्हन सणसणीत तापलेला हवा.

दुसरी गोष्ट पाण्याची. बेकरीतल्या पदरांच्या पदार्थांना लोणी वापरतात तेव्हा त्या लोण्यातच १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि त्याची वाफ पदर उचलायला मदत करते. आपल्या साजूक तुपात पाणी जवळजवळ नसतंच, ते आपण कढवताना उडवून टाकलेलं असतं. त्यामुळे वाफेसाठी सगळी भिस्त कणकेतल्या पाण्यावर. तळायच्या करंजीसाठी रवा-मैदा दगडासारखा घट्ट भिजवून बत्त्यानं कुटतात, ते तळणाला योग्यच आहे, कणीक घट्ट असली की तूप कमी पितं. ओव्हनसाठी मात्र तीच कणीक वापरली तर ती वाफ पुरेशी होण्याआधीच सुकते आणि कडक होते.

साजूक तुपात पदर सुटतील का, ही शंका बरेच जण काढतात. त्यांना मी तुर्कस्तानातल्या गाझिआंतेपचं नाव सांगते. तिथला बकलावा म्हणजे सुक्यामेव्याच्या पदरी पक्वान्नांचा मुकुटमणी, २०१३ साली युरोपीय संघानं त्याला भौगोलिक मानांकन दिलं. तिथले कारागीर कागदाहून पातळ पोळी लाटतात आणि लाटताना भुरभुरतात तो गव्हाचा स्टार्च, मैदा नव्हे. मध्ये पिस्ते, वर कढवून निवळ केलेलं तूप. म्हणजे तूप आणि स्टार्च, आपल्या साट्यातलीच जोडी, फक्त ते एकत्र फेसत नाहीत. लोणी न वापरता तूप वापरायचं कारणही आपल्याला ओळखीचं आहे, लोण्यातलं पाणी पातळ पदर चिकटवतं आणि दुधाचा अंश तळाशी करपतो. त्यांची भिस्त पदर इतके पातळ असण्यावर आणि बऱ्याच तुपावर आहे, आपली साट्यावर. पण ओव्हन आणि तूप यांचं वैर नाही एवढं त्यावरून पुरतं कळतं.

आणि भट्टीचं आपल्यालाही वावडं नव्हतं. गावातल्या बेकरीत घरचा रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून न्यायची आणि नानकटाई भाजून आणायची, ही सुट्टीतली नेमाची फेरी कित्येक घरांत होती. पत्र्याचे डबे, त्यावर खडूनं लिहिलेली आडनावं, बाहेर बाकावर ताटकळणारी मुलं आणि लाकडाच्या धुरात मिसळलेला वेलचीचा वास. पाव निघाल्यावर भट्टीची आंच उतरत जाते, आणि त्या उतरत्या आंचेवर काय कधी घालायचं ते बेकरीवाल्याला हातानं कळतं. घरच्या ओव्हनमध्ये ही उतरती आंच आपल्याला बटण फिरवून आणावी लागते. आधी २१०, मग १७०. करंजीला तेच हवं.

आता कणीक. २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बारीक रवा, चिमूटभर मीठ. तळणाच्या करंजीत रवा याहून बराच जास्त असतो, इथे कमी, कारण रवा पाणी धरून ठेवतो आणि पातळ लाटताना कडा फाटतात. २५ ग्रॅम तूप कडकडीत तापवून मोहन घालायचं, हातानं चोळायचं, मुठीत दाबल्यावर पिठाचा मुटका व्हायला हवा. मग निम्मं दूध, निम्मं पाणी, दोन्ही गार, मिळून साधारण १२५ मिलिलिटर. सगळं एकदम ओतू नये, मैद्यामैद्यात फरक असतो. पोळीच्या कणकेहून घट्ट आणि पुरीच्या कणकेहून सैल, अशी मधली कणीक हवी. दूध जास्त घातलं तर रंग लवकर येतो आणि आतून शिजण्याआधीच करंजी काढायचा मोह होतो, म्हणून निम्मंच. दहा मिनिटं मळून, झाकून एक तास ठेवायची. हा तास वाचवू नये. न मुरलेली कणीक लाटली की आखडते, आपण जोर लावतो, जोर लावला की आतले पदर एकमेकांत दाबले जातात, आणि पुढे कितीही चांगली आंच दिली तरी ते सुटत नाहीत.

साट्यासाठी ६० ग्रॅम थिजलेलं रवाळ तूप परातीत घ्यायचं आणि तळहातानं फेसायचं. गाईच्या तुपापेक्षा म्हशीचं बरं, ते जरा उशिरा वितळतं. तूप पातळ असेल तर ताटलीत ओतून फ्रीजमध्ये दहा मिनिटं. फेसता फेसता पिवळसर तूप पांढरं होत जातं, हाताखाली हलकं लागतं, परातीच्या तळाशी सरसर आवाज येतो. मग ४० ग्रॅम तांदळाची पिठी थोडी थोडी घालत पुन्हा फेसायचं. जुनी परीक्षा आहे, साट्याचा थेंब वाटीभर पाण्यात टाकावा, तरंगला तर झाला. आत हवा भरली गेली म्हणून तो तरंगतो. कॉर्नफ्लॉरही चालतं, त्यानं पदर जास्त नाजूक होतात. तांदळाच्या पिठीनं किंचित दाणेदार कुरकुरीतपणा येतो, मला तोच आवडतो. पिठी कमी पडली तर साटा लाटताना कडेनं बाहेर येतो, जास्त झाली तर पदर कोरडे पडून तोंडात पिठासारखे लागतात. वनस्पती तूप घातलं तर पदर सहज सुटतात, ते जास्त उष्णतेला वितळतं म्हणून. पण त्याच कारणानं ते जिभेवरही वितळत नाही, टाळूला मेणाचा थर बसतो. इतके महाग बदाम-पिस्ते आत भरून बाहेर ते का लावायचं, असं मला मनापासून वाटतं.

कणकेचे सहा गोळे करायचे. प्रत्येक गोळा पोळपाट भरून लाटायचा, घडीच्या पोळीएवढा मोठा पण तिच्याहून पातळ, खालच्या पोळपाटाचा रंग जाणवेल इतका. पीठ लावावंच लागलं तर तांदळाची पिठी, आणि जास्तीची झटकून टाकायची. तीन पोळ्यांची एक चळत, प्रत्येकीवर साटा कडेपर्यंत पसरलेला. कोरडी राहिलेली जागा पुढे चिकटते किंवा तिथे मोठा पोकळ फुगा येतो. मग घट्ट वळकटी. पोळी गोल असल्यामुळे वळकटीची टोकं बारीक होतात, म्हणून दोन बाजूंच्या गोलाया आधी आत दुमडून घ्याव्यात. वळकटी हलक्या हातानं लांबवून कागदात गुंडाळून १५ ते २० मिनिटं फ्रीजमध्ये. जास्त वेळ नको, साटा दगड झाला तर लाटताना पदरांना तडे जातात. धारदार सुरीनं दोन-सव्वादोन सेंटिमीटरच्या लाट्या कापायच्या, एका वळकटीच्या अकरा. बोथट सुरी पदर कापत नाही, चिरडते. कापलेली बाजू पाहिली की एकात एक वेढे दिसतात, झाडाच्या खोडासारखे. तिथेच कळतं, आज करंजी होणार की नाही.

लाटी कापलेली बाजू वर ठेवून तळहातानं दाबायची आणि मधून बाहेर, हलक्या हातानं, दहा सेंटिमीटरची पारी लाटायची. उलटसुलट करायची नाही, ज्या बाजूला वेढे स्पष्ट आहेत ती शेवटी बाहेर यायला हवी, म्हणून सारण भरण्याआधी पारी एकदा पालथी घालायची. हे विसरलं तर सगळे पदर सारणाच्या बाजूला तोंड करून बसतात आणि वरून करंजी साधीच दिसते.

सारणात ओव्हनची आणखी एक अट आहे, ओल अजिबात नको. ७५ ग्रॅम बदाम, ७५ ग्रॅम काजू, २५ ग्रॅम पिस्ते, ५० ग्रॅम किसलेलं सुकं खोबरं, चमचाभर खसखस, १०० ग्रॅम पिठीसाखर, आठ-दहा वेलदोड्यांची पूड, थोडं जायफळ. बदाम मंद आंचेवर आतपर्यंत भाजले पाहिजेत. करंजी अर्धा तास ओव्हनमध्ये असली तरी सारण वाफेत असतं, ते तिथे भाजलं जात नाही, कच्चे बदाम कच्चेच राहतात. काजू नुसते गरम करायचे, खोबरं हाताला कुरकुरीत लागेपर्यंत, खसखस तडतडेपर्यंत. पिस्ते भाजू नयेत, हिरवा रंग जातो. सगळं पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला, आणि तेही थांबत थांबत, दोन-दोन सेकंद. मिक्सर सलग चालवला की काजूला तेल सुटतं, गोळा होतो, आणि ते तेल आतून पारी भिजवतं. अर्धं सारण रव्याएवढं बारीक आणि अर्धं जाडसर, दाताखाली यावं असं. साखर अगदी शेवटी. कोमट सारणात घातली तर ती ओल धरते, ओव्हनमध्ये तिचा पाक होतो, पाक शिवणीतून बाहेर येतो आणि ट्रेवर करपतो. बेदाणे मी घालत नाही, ते फुगतात आणि ओल सोडतात. खवा तर नकोच.

मुरडीचं थोडं सांगायला हवं. आपल्याकडे मोदक करताना बरोबर एक करंजी करतात, त्याची बहीण म्हणून. गौरींना निरोप देताना मुरडीचे कानवले करतात, त्यांनी मुरडून पुन्हा यावं म्हणून. गोव्यात हीच नेवरी होऊन चतुर्थीलाही येते आणि नाताळच्या ताटातही. इतका अर्थ त्या कडेच्या वळणात साठलेला असताना ओव्हनमध्ये ती कड उघडते तेव्हा वाईट वाटतं, नुसतं सारण सांडल्याचं नाही. कारण मात्र साधं आहे. पारीच्या कडेलाही साटा आहे, आणि साट्याचं कामच चिकटू न देणं. पाण्याचं बोट फिरवून ही कड धरत नाही. एक चमचा मैदा दोन चमचे पाण्यात कालवून ती लेप कडेला लावावी, सारण पोह्याच्या दोन चमच्यांहून जास्त भरू नये, कड थोडी मोकळी ठेवावी आणि आतली हवा दाबून बाहेर काढून मग मिटावी. कातण्यानं कापली तर कातणं दाबून फिरवावं, त्याच्या दातांनी कड शिवली जाते. मुरड घालायची असेल तर कड आधी चिमटीनं पातळ करून घ्यावी, नाही तर तिथे कणीक दुप्पट जाड होते आणि बाकी करंजी भाजली तरी मुरड आतून कच्ची राहते. आणि शेवटी, पोटाच्या वरच्या भागावर टूथपिकनं एक बारीक भोक. तळणाच्या करंजीला भोक पाडणं म्हणजे कढईभर तुपात सारण सांडणं. ओव्हनमध्ये तेच भोक वाफेला वाट देतं आणि कड शाबूत राहते. हे उमगायला वेळ लागतो, कारण वर्षानुवर्षं डोळे करंजीला कुठे भोक राहिलं नाही ना, हेच तपासत आलेले असतात.

भरलेल्या करंज्यांवर ओला पंचा टाकायची सवयही इथे सोडावी लागते. ओलीनं वरचे वेढे एकमेकांना चिकटतात. झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, अर्धा तास. तेवढ्यात ओव्हन तापवायचा, दोन्ही कॉइल लावून, २१० अंशांवर, चांगली वीस मिनिटं. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं नसतं, आतल्या भिंती तापायला वेळ लागतो. घरगुती ओव्हनची बटणं पंधरा-वीस अंशांनी खोटं सांगणं अगदी नेहमीचं आहे. आत टांगायचा छोटा थर्मामीटर फार महाग मिळत नाही, आणि निम्म्या तक्रारी त्यानं मिटतात. लहान ओव्हनमध्ये एका वेळी आठच करंज्या, बाकीच्या फ्रीजमध्येच थांबतील. गर्दी केली की वाफ कोंडते आणि वरची बाजू मऊ राहते. पंख्याचा ओव्हन असेल तर १५-२० अंश कमी.

वरून दूध लावायचं नाही. केकच्या, पावाच्या सवयीनं हात जातोच, पण दूध वेढ्यांवर सुकलं की गोंदासारखं बसतं आणि सुटू पाहणारे पदर जागीच धरून ठेवतं. २१० वर दहा मिनिटं झाली की दार उघडून वितळलेलं तूप ब्रशनं अलगद फिरवायचं, सगळ्या आठ करंज्यांना मिळून एक चमचा, आणि दार लावून बटण १७० वर आणायचं. दार उघडल्यानं आंच उतरते, ती उतरायलाच हवी असते. हाच आपला झारा. या वेळेला आत पाहिलं तर करंज्यांच्या पाठीवर वेढे एकेक करून उठलेले दिसतात, गोगलगायीच्या शंखासारखे, अजून पांढरे. पुढची १८ ते २० मिनिटं त्यांना वाळायची, आतून शिजत रंग धरायची.

रंगावरून बरेच जण फसतात. तळलेली करंजी पांढरीशुभ्र असावी, रंग चढला म्हणजे आंच चुकली, हे आपल्या मनात इतकं पक्कं असतं की ओव्हनमधली करंजीसुद्धा आपण पांढरी असतानाच बाहेर काढतो. तळणात पांढरी करंजी शिजलेली असते, कारण ती मंद आंचेवर खूप वेळ तुपात असते. ओव्हनमधली पांढरी करंजी आतून ओली असते, सारणाला टेकलेला थर पिठूळ लागतो, दुसऱ्या दिवशी सगळीच मऊ पडते. कडा सोनेरी आणि पोट फिकट बदामी, इतका रंग यायलाच हवा. उचलल्यावर ती आकाराच्या मानानं हलकी लागली पाहिजे, आणि तळाला नखानं टिचकी मारली तर कोरडा आवाज यायला हवा. ट्रेमध्ये तुपाचा पातळ ओघळ दिसला तर घाबरू नये, थोडं तूप सुटतंच. तळं साचलं असेल तर एक तर ओव्हन तापला नव्हता किंवा करंज्या गार नव्हत्या. बहुतेक वेळा दुसरंच.

लगेच डब्यात भरू नयेत. जाळीवर तासभर तरी, आतलं सारण उशिरा निवतं. मुंबईसारख्या दमट हवेत एवढं करूनही चार दिवसांनी पदर नरमतात. तेव्हा १५० अंशांवर सहा-सात मिनिटं पुन्हा भाजाव्यात, गार होऊ द्याव्यात, पहिल्यासारख्या होतात. तळलेल्या करंजीला हे जमत नाही, दुसऱ्यांदा तापवली की ती तेलकट वास धरते. तरी आठ दिवसांत संपवलेल्या बऱ्या. बारीक केलेले काजू-बदाम तूप खवट होण्याची वाट पाहत नाहीत, आधीच खवटतात.

शेजारच्या मुलीला यातलं सगळं एका दमात सांगणं शक्य नव्हतं, आणि सणाच्या दिवशी सांगूही नये. तिला मी फक्त विचारलं, भाऊबीज झाली की एक दुपार मोकळी आहे का. तूप मी आणेन, सारण तिचं, ते तिचं खरंच छान असतं. ठरल्या दुपारी ती फेसलेला साटा पाण्यात सोडून पाहत होती, थेंब आधी बुडाला, आणखी पाच मिनिटं फेसल्यावर तरंगला. संध्याकाळी जाळीवर बावीस करंज्या होत्या. त्यांतल्या दोन कडेला उघडल्या होत्या, लेप कमी लागली असणार. अशा डब्यात भरायच्या नसतात. आम्ही त्या ओट्याशी उभं राहूनच खाल्ल्या, हात खाली धरून, कारण पापुद्रे सांडत होते.